सावलीतली रोपं



गेल्या वर्षी जर्मनीतल्या हाइनिश राष्ट्रीय उद्यानात बीच वृक्षांचं जुनं जंगल पाहिलं. पूर्वी इथे लष्करी सरावाचं क्षेत्र होतं. १९९७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०११ मध्ये त्याचा काही भाग जागतिक वारसा यादीत गेला.

तिथे पडलेलं झाडही उचलत नाहीत. त्यावर बुरशी, भुंगेरे जगतात. बीचचं रोप दाट सावलीत कित्येक वर्षं खुजंच राहतं. शेजारचा म्हातारा वृक्ष कोसळून ऊन आलं, की झपाट्याने वाढतं.

बाई, सर, मागच्या बाकावरच्या आम्हा काही जणांना ऊन उशिराच मिळालं. तोवर तुम्ही आम्हाला खुरटी म्हणून उपटलं नाहीत. त्यासाठी मनापासून आभार.