इंडिकेटरवर किती विश्वास ठेवायचा?

भिवंडीच्या गोदामांतून मालाचे ट्रक बाहेर पडू लागले, की मानकोलीपासून पुढे रस्त्यावर एक निराळीच भाषा सुरू होते. हॉर्न, डिपर, खिडकीतून बाहेर आलेला हात. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, पण भाषा काही थांबली नाही.

ही भाषा फसवी आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर आपण ट्रकच्या मागे अडकलेले असतो आणि त्याचा उजवा इंडिकेटर लुकलुकतो. कुणी समजतो, 'ये पुढे, रस्ता मोकळा आहे.' कुणी समजतो, 'थांब, समोरून गाडी येतेय.' नियमाने अर्थ तिसराच, 'मी उजवीकडे वळतोय.' एकदा मी पहिला अर्थ घेऊन गाडी बाहेर काढली. समोर टँकर होता. कसाबसा मागे आलो.

आता गाड्यांनीच एकमेकींशी रेडिओलहरींवर बोलावं, असं तंत्र जगात तयार झालं आहे. मी कुठे आहे, वेग किती, ब्रेक दाबला का, हे प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण १० वेळा आजूबाजूला सांगते. आपल्याकडे २०१९ पासून नव्या बस-टॅक्सींना जीपीएस यंत्रं सक्तीची झाली, पण ती नियंत्रण कक्षाशी बोलतात, शेजारच्या गाडीशी नाही.

हा निरोप गुप्त ठेवायचा नसतो, तो सगळ्यांनाच कळायला हवा. प्रश्न खरेपणाचा आहे. रस्त्याकडेला बसून कुणी 'पुढे ट्रक थांबलाय' असा खोटा निरोप सोडला तर? मागच्या गाड्या करकचून ब्रेक मारतील. म्हणून प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते. सही करण्याची किल्ली गाडीतच दडलेली, आणि ती तपासण्याची किल्ली कुणालाही मिळणारी.

पण सही आली की ओळख आली. भिवंडीतून निघालेला मालाचा ट्रक रात्रभर एकाच नावाने हाका मारत गेला, तर लुटारूंना पाठलागाचीही गरज उरणार नाही. त्यावर उपाय म्हणजे टोपणनावं. अमेरिकेतल्या आराखड्यात गाडीला आठवड्याला अशी २० ओळखपत्रं मिळतात आणि ती आलटून पालटून वापरायची असतात. कोणतं टोपणनाव कोणत्या गाडीचं, हे कुठल्याही एका कार्यालयाला एकट्याने कळू नये, अशी कामाची वाटणी केलेली असते. गाडी खोटं बोलताना सापडली, तर मात्र तिची ओळखपत्रं रद्द होतात. मला या सगळ्यात ही वाटणीच सर्वांत शहाणपणाची वाटते.

तरी एक फट राहतेच. सही खरी असली, तरी ट्रकचं वेग मोजणारं यंत्र बिघडलं असेल, तर निरोप चुकीचाच येणार. म्हणून ऐकणाऱ्या गाडीने आपल्या कॅमेऱ्याशी, रडारशी तो ताडून पाहायचा असतो.

आणि ज्या जुन्या ट्रकमध्ये हे यंत्रच नाही, तो या संभाषणात मुकाच. तसल्या ट्रकमागे असलो, की त्याचा इंडिकेटर कितीही लुकलुकू दे, समोरचा रस्ता माझ्या डोळ्यांना दिसेपर्यंत मी मागेच राहतो.