कळलावीचे फूल आणि हृदयाचा दाह

श्रावणात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कळलावी फुलते. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांमुळे तिला अग्निशिखाही म्हणतात. तिच्या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते. हेच द्रव्य शुद्ध करून, काटेकोर मोजून, डॉक्टर संधिवाताच्या एका प्रकारावर देतात.

हृदयाशी त्याचा काय संबंध? रक्तवाहिनीत चरबी साचते, हे आपण ऐकतो. पण चरबीचा तो थर फुटून झटका येतो, त्यामागे आतली सूज म्हणजे दाह असतो. पोटाभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. दाह वाढवणारी द्रव्ये ती रक्तात सोडते. मधुमेह आणि तंबाखू त्यात भर घालतात.

२०२० साली ५५२२ जुन्या हृदयरुग्णांवरील चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन दिले, तेव्हा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्या. २०२४ च्या मोठ्या चाचणीत मात्र झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या गोळीचा तसा फायदा दिसला नाही. म्हणून ही गोळी कोणाला द्यायची, ते डॉक्टरच ठरवतील.

दाह सीआरपी या रक्ततपासणीत कळतो. पण मलेरियाच्या तापानेही सीआरपी वाढते. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

कळलावीचा कंद मात्र कोणीही खाऊ नये, जीव जातो. आपल्या हातातले उपाय साधे आहेत. खर्रा सोडा, दात-हिरड्या सांभाळा, रोज चाला, पोटाचा घेर वाढू देऊ नका, रक्तदाब आणि साखर तपासत राहा. आतली आग विझवायची ती अशी.