सप्ताहाचे अन्नदान आणि घरोघरचे धान्य

(अलिबाग तालुक्यातील शेतकरी व भजनी मंडळांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भातकापणी आटोपली की आपल्या किनाऱ्यावर टाळ-मृदंगाचे दिवस सुरू होतात. कार्तिक वद्य एकादशीला वरसोलीच्या विठोबाची यात्रा भरते, मार्गशीर्ष पौर्णिमेला चौल-भोवाळ्याच्या दत्ताची. पुढे गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारे लावायचे, शेजारच्या गावांची भजनी मंडळे बोलवायची आणि आलेल्या प्रत्येकाला जेवू घालायचे. भजन कसे म्हणावे हे मी सांगणार नाही; माझा आवाज ऐकून आमच्या मंडळाने मला कधी टाळसुद्धा हाती दिला नाही. माझा विषय कृषिविद्या. तेव्हा टोपात जे धान्य पडते, त्याबद्दल बोलतो.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात मी पंगतीला बसलो होतो. भाताला कुबट वास येत होता. शेजारच्या आजोबांनाही तो आला असावा, कारण त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली. पण प्रसादाला नाव कसे ठेवायचे? मीही पान स्वच्छ केले. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. परंतु वर्गात मुलांना धान्यातील ओलाव्याचे कोष्टक पाठ करायला लावणारा माणूस त्या पंगतीत गप्प बसला, हे मला आजही खटकते. जेवण झाल्यावर कोठीत जाऊन पाहिले. तांदळाच्या गोण्या थेट लादीवर, भिंतीला टेकवून रचलेल्या होत्या. घरोघरी फिरून गोळा केलेला तांदूळ सगळा एकत्र ओतलेला होता. कोणाच्या घरचा कोणता, हे सांगायला कोणी उरले नव्हते.

सगळी मेख इथेच आहे. तुमच्या कणगीतील तांदळाला बुरशी लागली, तर घरातील बाईला भात निवडतानाच कळते आणि नुकसान एका घरापुरते राहते. सप्ताहात प्रत्येक घरातून दोन-चार पायल्या येतात. त्यातील एका घरचा तांदूळ खराब असला, तरी तो पंचवीस घरांच्या चांगल्या तांदळात मिसळतो आणि पाचशे पानांवर वाढला जातो. शिवाय जेवणारा माणूस प्रसाद म्हणून जेवतो. खानावळीत तो पैसे देऊन बसतो, तेथे तक्रार करील. इथे करणार नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे पंगतीत आधी बसतात, हेही ध्यानात घ्या.

आता थोडे कटू बोलतो. दानाला धान्य काढताना आपला हात कोणत्या कणगीकडे जातो? चांगला तांदूळ घरासाठी ठेवून तळचा, किडका किंवा पावसात भिजलेला तांदूळ सप्ताहाच्या गोणीत ओतणारे प्रत्येक गावात दोन-तीन तरी निघतात. सगळेच मुद्दाम करतात असे नाही. ‘एवढ्यात काय होते’ असे त्यांना वाटते. याच तालुक्यातील चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला आणि सुमारे सहा वर्षे शेते पडीक ठेवली. त्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांना अन्नाची किंमत मी वेगळी सांगायला नको.

तांदूळ बिघडतो तो बहुधा ओलाव्याने. कापणीच्या वेळी भाताच्या दाण्यात साधारणपणे २० ते २२ टक्के ओलावा असतो. साठवणीसाठी तो १४ टक्क्यांच्या खाली, जास्त दिवस ठेवायचे असल्यास १२ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने गाठले की भात खळ्यावर घाईने झोडून ओलसरच भरले जाते. दाणा दाताखाली धरून पाहा. टक्‌कन तुटला तर वाळला आहे. दबला तर आणखी उन्हे द्या. आपल्याकडे दुसरी अडचण अशी, की खाऱ्या हवेत चांगले वाळलेले धान्यही पुन्हा ओलावा धरते. म्हणून कोठीत गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचाव्यात. भातानंतर अंगओलाव्यावर घेतलेला वालही असाच कडक वाळवून द्यावा. त्याला बुरशीइतकाच भुंगेऱ्याचा त्रास असतो.

धान्य जमा करताना प्रत्येक घरची पिशवी नावाची चिठ्ठी लावून वेगळी ठेवा. कोपरापर्यंत हात घालून मूठभर तांदूळ बाहेर काढा, वास घ्या, उजेडात पाहा. गोळे झालेले, हिरवट-काळे डाग पडलेले, कुबट वासाचे धान्य बाजूला काढा. मगच एकत्र ओता. तांदूळ परत करायचा म्हणजे वाईटपणा येतो, हे मला मान्य आहे. तो एकट्या कोठीवाल्याच्या माथी मारू नका. पाहणीला दोन बायका व एक पुरुष बसवा, बायकांचे नाक या कामात आपल्यापेक्षा तयार असते. बुरशी लागलेल्या धान्यात अफ्लाटॉक्सिनसारखी विषे तयार होऊ शकतात. ती धुऊन जात नाहीत आणि नेहमीच्या शिजवण्याने नष्टही होत नाहीत. असे धान्य गुरांना वा कोंबड्यांनाही घालू नये. दुभत्या जनावराने ते खाल्ले तर विषाचा अंश दुधात उतरतो.

सप्ताहात एकादशी आली की भाताऐवजी भगर शिजते. इथे अधिक जपायला हवे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहात एकादशीच्या प्रसादाला भगर आणि आमटी होती. ती खाऊन तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली. रुग्णालयात जागा पुरेना, म्हणून झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. त्याच महिन्याच्या ६ तारखेला, त्या दिवशीही एकादशीच होती, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात धार्मिक कार्यक्रमातील जेवणानंतर दोन हजारांच्या आसपास लोकांना उलट्या-जुलाब झाले. ही गावे आपल्यापासून लांब आहेत, पण पंगत आपल्यासारखीच होती.

भगर म्हणजे वरीचे साल काढलेला दाणा. साल गेल्यामुळे दमट हवेत त्यावर बुरशी लवकर चढते, आणि पीठ केले तर त्याहून लवकर. अन्न व औषध प्रशासनाने भगरीवर ॲस्परजिलस जातीच्या बुरशीमुळे विषद्रव्ये तयार होत असल्याचा इशारा वेळोवेळी दिला आहे. त्यामुळे सुटी भगर आणि तयार पीठ घेऊ नये. बंद पाकिटावरील तारीख पाहून, लागेल तेवढीच भगर एकादशीच्या आदल्या दिवशी आणावी, पावती जपावी. मागील सप्ताहात उरलेली भगर वापरू नये. आपल्या जिल्ह्यात डोंगरउतारावर वरी पिकते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वरी घेऊन ऐनवेळी सडून घेता आली, तर त्यासारखे उत्तम नाही. आमटीचे शेंगदाणेही निवडून घ्या. सुरकुतलेला, आतून काळपट-हिरवट दाणा कुटात गेला की दिसत नाही.

भांड्यांविषयी थोडक्यात. देवळाची पितळी पातेली वापरायची तर आतील कल्हई पाहून घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत चिंचेची वा आमसुलाची आमटी कळकते, हे जुन्या बायकांना ठाऊक असते. कल्हईवाले दारावरून फिरायचे थांबले तसे पुष्कळ जण ते विसरले. आंबट पदार्थ स्टीलच्या टोपातच करा.

आता पहारेकऱ्यांचे जेवण. संध्याकाळी सातला भात उतरतो, पंगती नऊ-साडेनऊला उठतात, आणि रात्री बारा ते दोनचा पहारा करून आलेल्या वीणेकऱ्यासाठी व टाळकऱ्यांसाठी टोपात भात झाकून ठेवलेला असतो. मोठ्या टोपातला भात वरून गार लागला, तरी मधून कितीतरी तास कोमट राहतो. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. पुन्हा गरम केल्याने हे विष जात नाही. भात एक तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे हाताला चटका बसेल इतका गरम राहिला पाहिजे, नाही तर दोन तासांत संपला पाहिजे. त्यासाठी सगळा तांदूळ एकदम शिजवू नका. पंगत बसेल तसा लहान टोप चढवा. आचारी कुरकुर करील, सरपण थोडे जास्त लागेल, लागू द्या. मध्यरात्रीच्या दहा-पंधरा माणसांसाठी वेगळी खिचडी त्याच वेळी टाका, किंवा चहाबरोबर भाजके पोहे, चणे, गूळ द्या.

अन्न सुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार धार्मिक व सामाजिक कार्यक्रमांत अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणी लागू आहे. मंडळाच्या चिटणीसांनी ते काम सप्ताहाच्या आधीच उरकावे. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून, जवळच्या घरातील फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा. दुर्दैवाने कोणी आजारी पडलेच, तर डॉक्टरांना नेमके काय तपासायचे ते कळते.

पहाऱ्यांची यादी तुम्ही देवळाच्या खांबाला लावताच. तिच्याशेजारी आणखी एक कागद लावा: कोणता टोप किती वाजता उतरवला. कागद सांभाळायला कोणी नसेल तर टोपाच्या काजळी धरलेल्या अंगावर खडूने वेळ लिहा. वाढप्याला ती रात्री दिव्याच्या उजेडातही वाचता येते.