दक्षिणेपासून स्मृतिपुरस्कारापर्यंत

(एका विद्यार्थी अभ्यासमंडळाने घेतलेल्या स्मृती निबंध स्पर्धेच्या बक्षीस वितरणातील भाषणाचा संपादित मजकूर)



ज्यांचे निबंध निवडले गेले त्यांचे अभिनंदन. पण ज्यांचे निवडले गेले नाहीत, त्यांच्याशी मला आज जास्त बोलायचे आहे.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी पुरस्काराकडे पाहते तेव्हा पहिला प्रश्न पडतो, देणारे कोण आणि ठरवणारे कोण? मराठीत याचे उत्तर फार जुने आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. पैसा रयतेच्या घामाचा आणि पात्रता जन्माची. इंग्रजी अमलातही ही दक्षिणा चालू राहिली. तिच्यातला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षीस म्हणून द्यावा, असा अर्ज १८४९ च्या सुमारास सुधारकांनी केला, तेव्हा सनातनी खवळले. अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीरावांनी महार-मांग तरुण उभे केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

पुढे दक्षिणा प्राइज कमिटी आली. १८५५ साली जोतीरावांनी तिच्याकडे ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवले. गरोदर बायकोच्या काळजीत असलेल्या कुणब्याला जोशी कसा लुबाडतो, आणि शेवटी ते जोडपे शिकायला कसे निघते, हे त्या नाटकात आहे. कमिटीने ते नापसंत केले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त करून ठेवली आहे. ते नाटक छापले गेले १९७९ साली. म्हणजे १२४ वर्षांनी!

त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये आला. ती तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले आणि धर्मालाच जाब विचारला. आज त्या वर्षाचे मराठी लेखन अभ्यासायचे तर आपण आधी या दोघांकडे जातो. कमिटीची पसंती मिळालेले ग्रंथ किती जणांना आठवतात?

यावरून कुणी म्हणेल, मग पुरस्कार हवेत कशाला? मला हे पटत नाही. पुरस्काराने पुस्तक ग्रंथालयात पोचते, अभ्यासक्रमात जाते, लेखकाला चार महिने निवांत मिळतात. ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट नव्हते, त्यांना हे सगळे जास्त लागते. पण नुसत्या सन्मानाने पोट भरत नाही. अण्णाभाऊ साठेंनी ‘फकिरा’ बाबासाहेबांना अर्पण केली, तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९६९ साली अण्णाभाऊ गेले ते हलाखीतच.

आणि रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप, १ लाख ७५ हजार रुपये, यायची बाकी होती. शेवटच्या पत्रात त्याने हा हिशेब लिहून ठेवला. आज त्याच्या नावाने व्याख्याने होतात, व्हायलाच हवीत. पण वसतिगृहात आज जी मुलगी फेलोशिपची वाट बघत मेसचे बिल थकवते आहे, तिच्या खात्यात वेळेवर पैसे जमा होणे, हेही रोहितचे स्मारकच आहे.

म्हणून आपल्या मंडळाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. परीक्षकांची नावे आधी जाहीर करा आणि निवडीची कारणे लेखी द्या. प्रवेश फी आणि छापील प्रतींची अट काढा, हाताने लिहिलेली वही चालू द्या. आणि न निवडलेल्या प्रत्येक निबंधावर कुणीतरी बसून एक पानभर टिपण लिहा, ते लेखकाला पाठवा. मोमेंटो आणि हारांचा खर्च वाचला की फोटोकॉपी आणि टपालाचा भागेल.

न निवडलेल्या मित्रांनो, तुमच्या वह्या जपून ठेवा. जोतीरावांचे हस्तलिखित कुणीतरी जपले, म्हणूनच ते आपल्यापर्यंत आले. कमिटीचा निकाल काहीही असो, लिहिणे थांबवू नका.

जय जोती, जय सावित्री, जय भीम!