भात्याविना पेटी



मी वाद्यं बनवतो, अशी माझी ओळख आत्ता करून दिली. खरा मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. वाद्याकडे वळलो ते भुईगावातल्या आमच्या काकांमुळे. दिवसभर वाडीतली केळी, पानवेल बघायची आणि संध्याकाळी पेटी घेऊन बसायचं, हाच त्यांचा विसावा. पक्षाघातानं डावा हात गेला आणि पेटी बंद झाली. पेटीला दोन हात लागतात: एक पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर. आम्ही मोबाइलवर गाणी लावून द्यायचो. काका ऐकायचे आणि म्हणायचे, "छान आहे, पण हे मी नाही वाजवत."

असं वाद्य करताना हेच वाक्य धरून चालावं लागतं.

बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. मिरजेच्या तंबोऱ्याची गोडी त्याला नसेल. पण तारा लावायला, मागे साथीला बसायला कुणी नसलं तरी रियाज होऊ लागला. यंत्रानं अडचण तेवढी काढून घेतली, गाणं गाणाऱ्याकडेच राहिलं.

काकांसाठी मी एका पाटावर तळहाताएवढ्या पाच तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. बोट नुसतं टेकलं तरी सर्किटला कळतं. जोर लागत नाही. सूर भूपाचे: सा, रे, ग, प, ध. कुठूनही कुठे गेलं तरी कानाला खुपत नाही. उजवा हात थरथरतो, म्हणून एका पट्टीवर बोट लागोपाठ दोनदा लागलं तरी सूर एकदाच वाजतो. तो हळू उमटतो, हळू विरतो. दचकायला होत नाही.

यानं हात बरा होत नाही. औषधं, व्यायाम चालूच आहेत. पण संध्याकाळी काका पुन्हा वाजवायला बसतात. परवा तर तक्रार केली, "मध्यम का नाही दिलास रे?" आता सहावी पट्टी बसवतोय. तिच्यामुळे कधी एखादा सूर खुपेलही. खुपू दे. काय वाजवायचं ते त्यांनी ठरवायचं.

शाळेकडे एकच मागणं आहे. असं एखादं वाद्य आपल्या प्रयोगशाळेत मुलांकडून करून घ्या. फक्त सोल्डरिंगला बसण्याआधी त्यांना त्या माणसाच्या घरी पाठवा. कोणता हात चालतो, काय वाजवावंसं वाटतं, हे आधी विचारू दे. तांब्याच्या पट्ट्या मी आणून देईन.