गुप्तहेराचा गाजावाजा

गुप्तता हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्याइतका गाजावाजा जगात क्वचितच कोणाचा होत असेल. ६ जून १९८३ रोजी लंडनच्या ओडियन चित्रगृहात जेम्स बाँडच्या ‘ऑक्टोपसी’चा पहिला खेळ झाला, तेव्हा युवराज चार्ल्स व युवराज्ञी डायना जातीने हजर होते. या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण उदयपूरचे. त्यात विजय अमृतराज हा टेनिसपटू गारुड्याच्या वेषात पुंगीवर चक्क बाँडचीच धून वाजवतो! शिराळकरांना याचे हसू यावे. नागपंचमीला जिवंत नाग धरण्याची परंपरा येथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये न्यायालयाने तिला आवर घातला. येथे नाग ही पडद्यावरची सजावट कधीच नव्हती.

या थाटाचा खर्च कोण सोसतो? राजघराणे खचितच नव्हे. असे खेळ पुष्कळदा धर्मादाय निधीसाठी होतात, त्यामुळे दातृत्वाचा टिळाही लागतो. परंतु त्या एका संध्याकाळची छायाचित्रे वृत्तपत्रांत जी जागा फुकट अडवतात, ती विकत घ्यायची तर निर्मात्याला केवढी किंमत मोजावी लागली असती! उरलेला खर्च तिकिटातून वसूल होतो. मागणी येथे निर्माण केली जाते, आणि तीही प्रेक्षकाचे मत बनण्याच्या आत.

रिळांच्या काळात प्रती मोजक्या असत. मुंबई-पुण्यात झिजलेली प्रत तालुक्याच्या गावी, जत्रेतल्या तंबूत पोचेपर्यंत महिने लोटत. हा अन्यायच होता. तथापि चित्रपट बरा की टाकाऊ, हे तोवर सुट्टीवर आलेल्या गिरणी कामगाराच्या तोंडून गावाला कळलेले असे. उपग्रहाद्वारे एकाच दिवशी सर्वत्र प्रदर्शन होऊ लागल्यापासून तालुक्याचा प्रेक्षक शहराच्या बरोबरीला आला खरा. मात्र ते संरक्षण गेले. पहिल्या तीन दिवसांत गल्ला गोळा करावा, नंतर लोक काय म्हणायचे ते म्हणोत, असा हा व्यवहार आहे.

याच तालुक्यातील बिळाशीने १९३० साली जंगल सत्याग्रह केला. पुढे प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ ते १९४६ भूमिगत राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत, ते खेड्यापाड्यांनी तोंड मिटून धरले म्हणून. रात्री-अपरात्री भाकरी पोचवणाऱ्या बाया, निरोप नेणारी पोरे, यांतील बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. शिराळा तेव्हा त्याच सातारा जिल्ह्यात होता.