वेडा कोणाला म्हणावे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



माझा एक विद्यार्थी दोन महिने शाळेत आला नाही. चौकशीसाठी घरी गेलो, तेव्हा वडील म्हणाले, "सर, तो मामाकडे गेलाय." मुलगा आतल्या खोलीत होता. एकटाच बोलत होता. आवाज मला ऐकू येत होता. मी चहा पिऊन परत आलो. घर कोणाचे ते सांगणार नाही. पण गप्प बसलो याची लाज वाटते, म्हणून आज हा विषय घेतला.

आजार खरा असतो. परंतु त्याच्याकडे पाहण्याची नजर समाज ठरवतो. अमेरिकेत १८५१ साली सॅम्युअल कार्टराईट नावाच्या डॉक्टरने असे मांडले, की मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मनोविकार असतो. त्याला त्याने भारदस्त नावही दिले. सुटकेची ओढ हाच रोग! मालकाला मात्र कोणी वेडा म्हटले नाही.

लंडनच्या बेडलॅम इस्पितळात अठराव्या शतकात लोक वेडे पाहायला, करमणूक म्हणून जात. उलट बेल्जियममधील गील गावाचे पाहा. तेथील ख्रिस्ती संतिणीच्या दर्शनाला मनोरुग्ण आणले जात. चर्चमध्ये जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. ती रीत शेकडो वर्षे चालत आली. रुग्ण घरच्यांबरोबर जेवतात, झेपेल ते काम करतात. गावाला त्यात नवल वाटत नाही.

आपल्याकडे एदिर्ने येथील सुलतान बायझीदच्या १४८८ च्या दवाखान्याचा उल्लेख अभिमानाने होतो. तेथे रुग्णांना संगीत ऐकवीत, हे प्रवासी एवलिया चेलेबीने लिहिले आहे. साखळ्याही होत्या, हेही त्यानेच लिहिले आहे. सोयीचे तेवढेच सांगू नये.

साखळीवरून एरवाडी आठवते. तामिळनाडूतील त्या दर्ग्याच्या आसपास लोकांनी खाजगी आश्रयगृहे थाटली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यातील एका झोपडीवजा घराला आग लागली. माणसे साखळीने बांधलेली. २८ जण गेले. त्यांना तेथे सोडून येणारे बहुतेक नातेवाईकच होते. दुष्ट नव्हेत, थकलेले आणि लोक काय म्हणतील या भीतीने ग्रासलेले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास मनाई केली आहे. बंद खोलीची कडी मात्र कायद्याला दिसत नाही.

कोणी विचारील, मग दर्ग्यावर जाऊच नये काय? मी तसे म्हणत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात डॉक्टर बसू लागले, आणि दुआ करणारे मुजावरच रुग्णाला त्यांच्याकडे पाठवू लागले. दुआ चालू, दवाही चालू. यात कोणाच्या ईमानाला धक्का बसला?

त्या मुलाचे नाव मी पटावरून कमी केलेले नाही. रविवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी आतून आवाज आला, तर ऐकू आला असे म्हणेन.